मामाचे इंद्रजाल, वाशीचा ग्रेडिंगवाला आणि माझे 78,450 रुपये

मामाची जुनी कॉमिक्स विकायला गेले आणि फसवली गेले. आकड्यापासूनच सुरू करते, कारण नातेवाईकांत आधीच तीन वेगवेगळे आकडे फिरतायत आणि एका मावशीने तर थेट पाच लाख करून टाकलेत. ग्रेडिंग फी (म्हणजे कॉमिक किती चांगल्या अवस्थेत आहे ते तपासून ग्रेड द्यायची फी) 14 कॉमिक्सची, प्रत्येकी 2,850, म्हणजे 39,900. कुरियर आणि इन्शुरन्स 11,400. पुरातत्त्व खात्याची परवानगी (हसू नका, सांगते पुढे) 9,500. कस्टम 17,650. टोटल 78,450. आणि वर ते 14 अंक, नऊ इंद्रजाल, पाच अमर चित्र कथा. पैसे एकवेळ परत कमवेन, अंक कुठून आणू?

माझा मामा ठाण्याला नौपाड्यात राहायचा, लग्न केलं नाही, वागळे इस्टेटमध्ये नोकरी आणि हे एकच व्यसन. इंद्रजाल मार्च 1964 ला सुरू झालं ते 1990 ला बंद पडेपर्यंत स्टेशनवरून अंक आणायचा. त्यातले नायक वेताळ, मँड्रेक, मग 1976 पासून बहादूर. पहिला अंकसुद्धा होता, वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट असलेला. जुनी कव्हरं बी. गोविंद यांनी रंगवलेली, ती बघायलाच मी लहानपणी सुट्टीत जायचे. मामा गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली, घोडबंदर रोडच्या वन बीएचकेमध्ये ट्रंक म्हणजे काय ते ज्यांची घरं तेवढी आहेत त्यांना कळेल. नवरा म्हणाला रद्दीवाल्याला दे. मी नाही दिली. एका ॲपवर जाहिरात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन.

माणूस अस्खलित मराठी बोलणारा, पहिल्या वाक्यापासून "ताई". वाशी स्टेशनजवळ एका बिल्डिंगमध्ये भाड्याची केबिन. टेबलावर दिवा, भिंग, हातात पांढरे कॉटनचे मोजे. (नंतर वाचलं, जुना कागद हाताळणारे जाणकार उलट स्वच्छ कोरडे हातच बरे म्हणतात, मोज्यात पान नीट कळत नाही आणि फाटतं. पण मोजे बघून आपण इम्प्रेस होतो ना.) अंक उलटून बघत तो सांगत होता, ताई ह्याचा स्पाइन वळलाय, ह्याच्या स्टेपलला गंज आहे, गंज कागदात उतरलाय, इथे तुमच्या मामांनी सेलोटेप लावली ती सगळ्यात वाईट. हे सगळं खरं आहे! मी घरी येऊन तपासलं, खरंच ग्रेडिंगमध्ये हेच बघतात. म्हणूनच तर विश्वास बसला. मला कोणी सांगू नका की "एवढं शिकलेली बाई आणि". शिकलेलीच होते म्हणून तपासलं, आणि जे तपासलं ते बरोबर निघालं.

स्कीम कळली असेलच. अमेरिकेत सीजीसी म्हणून कंपनी आहे, 2000 साली सुरू झालेली, कॉमिकला 0.5 ते 10 मध्ये ग्रेड देऊन प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून देते, त्याला स्लॅब म्हणतात. कंपनी खरी आहे, तिचा या माणसाशी काही संबंध नाही, हा फक्त तिचं नाव वापरत होता. म्हणे सुटे अंक विकले तर भंगाराचा भाव, ग्रेड करून विकले तर दुबईचा एक गिऱ्हाईक 14 अंकांचे 2,40,000 देतोय. व्हॉट्सॲपवर त्या गिऱ्हाइकाचा मेसेजपण दाखवला. कोणीही टाइप करू शकतं असा मेसेज.

आता तो क्षण. रात्री झोप येत नाही ती याच्यामुळे.

मामा प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईने सही करायचा, खाली तारीख. हा माणूस भिंगातून ती सही बघून म्हणाला, "ताई, ह्या सह्या आपण केमिकलने काढून घेऊ, ग्रेड एकदम वर जाईल, माझ्याकडून फ्री." मी मान डोलावली. अहो, सही काढली की तो अंक माझा आहे हे सिद्ध करायला उरलं काय? चोरलेल्या सायकलचा नंबर घासून काढतात तसं हे, आणि तेही माझ्या परवानगीने. बरं, ग्रेड वर जातो हेसुद्धा साफ खोटं. सही असली तर ग्रेड थोडा कमी होतो, पण केमिकलने शाई काढली तर ते रिस्टोरेशन (मूळ अंकात केलेली दुरुस्ती) धरतात, आणि रिस्टोअर्डचं लेबल जांभळं असतं, नेहमीचं निळं नाही. जांभळ्या लेबलचा भाव पडतो. म्हणजे ज्याला खरंच विकायचंय तो माणूस सही काढायची भाषाच करणार नाही. हे मला तेव्हा कोण सांगणार होतं? याच भेटीत मी फोटो काढायला फोन काढला तर "फ्लॅशने जुनी शाई उडते हो ताई". फ्लॅश बंद करून फोटो काढता येतो हे मला माहीत आहे, रोज काढते, पण समोरचा इतका काळजीने बोलत होता की फोन परत पर्समध्ये गेला. वस्तू हातातून सोडायच्या आधी प्रत्येकाचे फोटो, कव्हर, मागचं कव्हर, पहिलं पान, स्टेपल. जो फोटो नको म्हणेल त्याच्या केबिनमधून त्याच मिनिटाला उठा.

अंक त्याच्याकडे दिले तेव्हा पावतीवर काय लिहिलं होतं? "जुनी कॉमिक्स, नग 14." बस. अंक क्रमांक नाही, भाषा नाही, साल नाही.

मग आठवड्याभराने फोन, ताई, 50 वर्षांपेक्षा जुना कागद देशाबाहेर जायला पुरातत्त्वची परवानगी लागते, 9,500. मी भरले. आता ऐका, कायदा 1972 चा आहे, त्यात पुरातन वस्तू म्हणजे किमान 100 वर्षं जुनी, आणि हस्तलिखित वगैरे असेल तर 75. इंद्रजाल 1964 चं. हिशोब शाळेतलं पोरगंपण करेल, पण सरकारी कायद्याचं नाव ऐकलं की आपण आधी पाकीट काढतो.

काही आठवड्यांनी पाच स्लॅब आले, अमर चित्र कथांचे. मस्त दिसत होते, निळं लेबल, 9.2, 9.4. मी सासूबाईंना दाखवले, शेजारी दाखवले. बाकीचे नऊ म्हणे कस्टममध्ये अडकलेत, 17,650 भरा की सुटतील. तेही भरले, यूपीआयवर, आणि नाव आलं कुठल्यातरी तिसऱ्याच बाईचं. कस्टमची ड्युटी कुणाच्या खासगी यूपीआयवर जात नाही. लिहून ठेवा कुठेतरी.

पकडलं माझ्या मुलाने. स्लॅब उलटा धरून म्हणाला, "आई, मामाआजोबांनी हे 1971 ला घेतलं ना? मग मागे बारकोड कसा?" अमर चित्र कथा 1967 पासून आहे आणि तीच पुस्तकं आजपर्यंत पुन्हा पुन्हा छापली जातात, आजही दुकानात मिळतात, भाव फक्त पहिल्या जुन्या छपाईला. माझे जुने अंक ठेवून घेऊन त्याने दुकानातल्या नव्या प्रती डबीत घालून मला परत दिल्या होत्या! लेबलवरचा नंबर सीजीसीच्या साइटवर टाकला, तो तपासायला पैसे पडत नाहीत, कोणीही तपासू शकतं, तर दुसराच कुठलातरी अमेरिकन अंक आला. वाशीला गेले तर केबिनमध्ये ट्रॅव्हल एजंट बसलेला. त्याला आधीच्या भाडेकरूबद्दल काही माहीत नाही, मालकाला विचारा म्हणाला, मालक फोन उचलत नाही.

आणि पुढचं तर त्याहून भारी. आमच्या इकडच्या पोलीस ठाण्यात गेले तर गुन्हा वाशीत घडला, तिकडे जा, ते नवी मुंबई आयुक्तालय. तिकडे गेले तर तुम्ही पैसे ठाणे शहरातून पाठवले, तुमचं घर ठाणे शहरात, तिकडे जा. मी वाचून गेले होते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे बोलले तर ड्युटीवरचे साहेब म्हणाले, "मॅडम वकील आहात का?" नाही, मी फसवलेली बाई आहे, बसायला खुर्ची तरी द्या. मग प्रश्न, वस्तू काय? कॉमिक्स. "म्हणजे पोरांची गोष्टीची पुस्तकं?" शेजारचा हवालदार हसला. बिल आहे का? 1966 साली स्टॉलवाल्याने काही पैशांच्या अंकाचं जीएसटी बिल दिलं असेल का हो? मग मामांच्या वस्तू तुमच्या कशा, वारस दाखला आणा. ट्रंकेचा वारस दाखला! मामाच्या पेन्शनच्या वेळीही एवढे कागद मागितले नव्हते. बँकेत गेले तर पिन तुम्ही स्वतः टाकलाय, व्यवहार अधिकृत आहे, आम्ही काही करू शकत नाही, आणि वर सर्व्हिस कशी वाटली त्याचा मेसेज आला, स्टार द्या म्हणून. 1930 वर (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन केला तेव्हा वेळ निघून गेली होती, पैसे खात्यातून पुढे गेले होते. तुमच्याबाबतीत काही घडलं तर पहिल्या तासात 1930, घरच्यांना नंतर सांगा. शेवटी सगळं लेखी, भारतीय न्याय संहितेतली कलमं 318 (फसवणूक) आणि 316 (विश्वासघात) टाकून, पोस्टाने वरच्या साहेबांना पाठवलं. पोच आली. तपास चालू आहे म्हणे. तपास म्हणजे काय ते विचारलं की फोन दुसऱ्या टेबलावर जातो.

हो, आणि जुनी पुस्तकं घरी असतील तर एकट्याने कोणाच्या केबिनमध्ये जाऊ नका, जे विकायचं ते समोरासमोर रोख देऊन घेणाऱ्याला विका, ग्रेडिंगच करायचं तर अर्ज स्वतःच्या नावाने स्वतः भरा. कमी मिळाले तरी चालतील.

एक विनंती. सह्या त्याने काढल्या असतील, पण मामा प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर आत, स्टेपलच्या अगदी जवळ, पेन्सिलने बारीक क्रमांक टाकायचा आणि शून्याला मधून तिरकी रेघ मारायचा. हे मी त्या माणसाला सांगितलं नव्हतं. नऊ अंक मराठी इंद्रजाल, सगळे 1964 ते 1970 मधले. कोणी हल्ली विकत घेतले असतील तर शेवटचं पान उघडून बघा आणि मला कळवा, तुमचे पैसे मी देईन, फक्त विकणाऱ्याचा नंबर हवाय.