एक्सटीसी: आधी ‘इंग्लिश सेटलमेंट’ घ्यावा की ‘स्कायलार्किंग’?

एक्सटीसी या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम कुठला घ्यावा, असं विचारलं की बहुतेक जण ‘स्कायलार्किंग’चं (१९८६) नाव घेतात. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि माझा कल, इतरांच्या आवडीचा मान राखून सांगतो, ‘इंग्लिश सेटलमेंट’कडे (१९८२) आहे.

‘स्कायलार्किंग’ देखणा आहे, यात वाद नाही. निर्माता टॉड रंडग्रेनने गाण्यांचा क्रम रेकॉर्डिंगआधीच ठरवला होता. उन्हाळी किड्यांच्या किरकिरीतून पहिलं गाणं वर येतं आणि न थांबता दुसऱ्यात मिसळतं. बँडचा मुख्य गायक अँडी पार्ट्रिज याचं रंडग्रेनशी अजिबात पटलं नाही, पण ऐकताना ते कुठेही कळत नाही.

मला त्रास झाला तो आवृत्त्यांच्या घोळाचा. ‘डिअर गॉड’ मुळात या अल्बमवर नव्हतं. अमेरिकेत ते गाजल्यावर दुसरं गाणं काढून आत घातलं. हे एक वेळ चालेल. पण मूळ मास्टरमध्ये, म्हणजे ज्यावरून प्रती काढतात त्या ध्वनिमुद्रणात, ध्वनीची पोलॅरिटीच उलटी झाली होती; ध्वनिलहरीतले चढ-उतार उलटे! मास्टरिंग इंजिनिअर जॉन डेंटच्या ते लक्षात आलं आणि २०१० मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. माझी पहिली प्रत जुनी. कॉलिन मोल्डिंगचा बेस असून नसल्यासारखा, आणि आवाज वाढवावा तर झांजा कानात टोचायच्या. दुरुस्त प्रत लावली तेव्हा त्याच स्पीकरवर बेसला अंग आलं. प्रत्येकाला हा फरक एवढा जाणवेलच असं नाही. मला मात्र जुनी प्रत पुन्हा लावावीशी वाटली नाही, आणि सेकंडहँड विकणारे आवृत्ती कुठली ते क्वचितच लिहितात.

‘इंग्लिश सेटलमेंट’ शेवटाकडे जरा लांबतो, हे खरं. पण डेव्ह ग्रेगरीची बारा तारांची गिटार, मोल्डिंगचा फ्रेटलेस (मानेवर पट्ट्या नसलेला) बेस आणि त्याखाली टेरी चेंबर्सचे भरदार टॉम-टॉम ड्रम! चार जण एकत्र वाजवताहेत, हे प्रत्येक गाण्यात ऐकू येतं. ब्रिटनमध्ये तो पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिसला पार्ट्रिज भर कार्यक्रमात मंच सोडून गेला, पुढे अमेरिकेचा दौराही सोडून द्यावा लागला आणि बँड पुन्हा कधीच दौऱ्यावर निघाला नाही. काही महिन्यांत चेंबर्सही गेला. नंतरची गाणी स्टुडिओत घडली, कित्येक अप्रतिमही आहेत, पण हा चौघांचा जोर त्यांत नाही.

दुरुस्त ‘स्कायलार्किंग’ खात्रीने मिळत असेल तर जरूर घ्या. तशी खात्री नसेल तर मी तरी ‘इंग्लिश सेटलमेंट’च आधी घेईन, आणि तोही दोन तबकड्यांचा; अमेरिकेत गाणी कापून एका तबकडीत काढला होता, तो नको.