बेझल कुलूप की झाकणाचा इंट्रुजन स्विच?

रॅक सर्व्हरसाठी (लोखंडी चौकटीत एकावर एक बसवतात ते) दोन्ही उपलब्ध असतात, पण कामं वेगळी. बेझल, म्हणजे कुलूप असलेली पुढची चौकट, समोरून लागतो: हॉट-स्वॅप डिस्क (सर्व्हर चालू असताना काढता येणाऱ्या) आणि काही मॉडेलांत समोरचा यूएसबी पोर्ट व पॉवर बटणही त्याच्याआड जातं. डिस्क सहज ओढून नेणं थांबतं, एवढंच. मागच्या पॉवर कॉर्ड, नेटवर्क केबल उघड्याच राहतात, आणि एकाच मालिकेच्या बेझलांना बऱ्याचदा एकसारखी किल्ली लागते. त्यामुळे किल्ली रॅकमध्येच लटकवून ठेवू नका.

इंट्रुजन स्विच, म्हणजे झाकण उघडल्याचं ओळखणारा स्विच, कोणालाच अडवत नाही. वरचं झाकण उघडलं की बीएमसीच्या (सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र चिपच्या) नोंदवहीत घटना नोंदली जाते. खरी किंमत या नोंदीचीच. पण ती आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये (सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये) सुविधा चालू करा, बीएमसीचं घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेला) जोडा, आणि सूचना दुसऱ्या मशीनवरच्या सिसलॉगला (नोंदी साठवणाऱ्या सेवेला) पाठवा, कारण अ‍ॅडमिन हक्क असलेला माणूस मूळ नोंदी पुसू शकतो. मग चाचणी: सर्व्हर रीतसर बंद करा, दोन्ही पॉवर कॉर्ड काढा, झाकण उघडून लावा, पुन्हा वीज द्या. नोंद दिसली नाही, तर आधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल (छोटी गोल बॅटरी) तपासा; वीज नसताना उघडणं टिपायला तोच लागतो. झाकण नीट न बसल्यास किंवा स्विचची केबल ढिली असल्यास खोटे इशारे येत राहतात, आणि मग लोक सुविधाच बंद करतात.

ऑफिसच्या उघड्या खोलीत आधी बेझल घ्यावा. भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये, कुलूपबंद रॅक असेल तर, स्विच. डिस्क एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा डेटा साठवणं) मात्र दोन्हीकडे हवंच.