ट्रॅव्हलर्स पाम: झाड तगतं, लेमूर नाही

नर्सरीत ट्रॅव्हलर्स पाम म्हणून विकलं जात असलं तरी रावेनाला हे पाम नव्हे. ते बर्ड ऑफ पॅरडाइज या फुलझाडाच्या कुळातलं, केळीचं लांबचं नातलग. मूळ गाव मादागास्कर. रोप घेताना सांभाळा, कारण पांढऱ्या बर्ड ऑफ पॅरडाइजची रोपं याच नावानं खपतात आणि लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात. मोठं झाड बघायला मिळालं तर बी तपासा: रावेनालाच्या बीवर चमकदार निळं आवरण असतं, दुसऱ्याच्या बीवर नारिंगी झुपका.

पानं दोनच ओळींत, एका पातळीत, पंख्यासारखी फुटतात. त्यामुळे लावतानाच पंखा भिंतीला समांतर ठेवा, नंतर तो वळवता येत नाही. भिंतीपासून निदान दहा फूट अंतर हवं. ऊन भरपूर, पाणीही भरपूर, पण निचरा होणारी जमीन. वाऱ्याच्या तोंडावर लावलं तर पानांच्या केळीसारख्या चिंध्या होतात. बुंध्याशी येणारे मुनवे वेळच्या वेळी काढले नाहीत तर पंख्याचं झुडूप होतं. देठांच्या बेचक्यात पाणी साठतं. वाटसरूची तहान भागवणारं म्हणून त्याचं कौतुक होतं, प्रत्यक्षात त्यात कुजका पाला आणि डासांच्या अळ्या सापडतात.

फुलोरा मात्र अजब. होडीसारख्या कडक आवरणांत फुलं बंद असतात. ती उघडायला जोर लागतो, आणि तो मादागास्करच्या पूर्वेकडच्या पावसाळी जंगलात काळा-पांढरा रफ्ड लेमूर लावतो. माकडाच्या जातकुळीतला तीन-चार किलोचा हा प्राणी हातांनी आवरण फाकवतो, लांब तोंड आत घालून मध चाटतो आणि तोंडावरच्या केसांना लागलेले परागकण पुढच्या झाडावर नेतो.

इथवर दोघांची जोडी बरोबरीची. पण भातशेतीसाठी जंगल जाळलं की त्या उघड्या टेकड्यांवर रावेनाला जोमानं उगवतं. गावकरी त्याच्या पानांनी घरं शाकारतात. रफ्ड लेमूर तिथे टिकत नाही. त्याचं मुख्य खाणं फळं, आणि पिलांसाठी घरटी उंच झाडांवर. म्हणून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. रावेनालाची गर्दी दिसली की जंगल शाबूत आहे असं समजू नका. बऱ्याचदा ते तुटल्याची ती खूण असते.

बंगल्याच्या मोठ्या आवारासाठी रोप जरूर घ्या. बाल्कनीतल्या कुंडीसाठी मुळीच नको.