चाकावरचं जांभळं पाणी आणि माझे १३,७५० रुपये

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमची पिकअप धुवायला नेली आणि १३,७५० रुपये मोजून परत आणली. पैशाचं वाईट वाटतंच. पण ज्या ब्रेकच्या नावाने पैसे घेतले, त्या ब्रेकमधला खरा दोष तसाच राहिला आणि माझा ड्रायव्हर भरलेली गाडी घेऊन दोनदा घाट उतरला, हे मला जास्त लागलं. इंदूरात पिकअप-टेम्पोवर पोट असलेली आपली बरीच मंडळी आहेत. त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आमचा धंदा छोटा. सियागंजमधून किराणा भरायचा, खंडवा रोडने बडवाह-सनावदच्या दुकानांत पोचवायचा, हंगामात येताना बेडियाची मिरची आणायची. एक दिवस मी गाडीवर असतो, एक दिवस ड्रायव्हर. सिमरोल सोडलं की भेरूघाट. भरलेल्या गाडीला उतारावर सारखा ब्रेक लागतो, त्यामुळे पुढच्या दोन्ही रिम आठवड्यात काळ्या होतात. मागे ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे बंद डब्यातले, त्यांच्या घासणीची काळी भुकटी आतच राहते. पुढे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबले की ब्रेक लागतो. ती उघडी, शिवाय ब्रेक मारला की बरंच वजन पुढे येतं, म्हणून घासणीही पुढेच जास्त. हे मला आत्ता कळलंय. तेव्हा एवढंच दिसलं होतं की पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा काळं आहे आणि त्यावर तांबूस ठिपके पडलेत, कितीही घासले तरी जात नाहीत. पूजेला गाडी चकचकीत हवी, म्हणून नेहमीच्या पोऱ्याकडे न देता रिंग रोडवरच्या एका मोठ्या वॉशिंग सेंटरला नेली.

तिथल्या माणसाने गप्पा मारता मारता गाडी कुठे जाते ते विचारून घेतलं. मी भोळेपणाने घाटाचं सांगितलं. मग त्याने एक बाटली आणली, डाव्या चाकावर फवारा मारला आणि म्हणाला, "भिया, अब देखना." मिनिटभरात ठिपक्यांच्या कडेने जांभळा रंग सुटायला लागला. बघता बघता नटांच्या खाचांतून, रिमच्या भोकांतून, पिकलेली जांभळं चुरडावीत तसे ओघळ आले आणि खाली फरशीवर जांभळं थारोळं झालं. वास सडक्या अंड्यासारखा. "ये आपकी डिस्क गल रही है. पैड लोहा खा रहा है. घाट में कभी भी ब्रेक फेल होगा." उजव्या चाकावर मारलं, तिथेही तेच. "दोनों गई."

माझा ड्रायव्हर शेजारीच उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मी हो म्हणून टाकलं.

दोन डिस्कचे ६,४००, पॅडचे २,४००, मजुरी १,२००, चाकांवर "कोटिंग" २,५००, तीच बाटली घरी वापरायला ८५० आणि धुण्याचे ४००. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले, दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही. जुन्या डिस्क तिथला एक पोऱ्या उचलून आत नेत होता. ड्रायव्हर म्हणाला, भंगारात चार पैसे येतील, आणि पोत्यात घालून घेऊन आला. त्याने ते पोतं आणलं नसतं तर पुढचं काहीच उघडकीला आलं नसतं.

चार-पाच दिवसांत, दोन फेऱ्या झाल्यावर, डावं चाक पुन्हा काळं. सहा महिने भुकटी बसणार नाही असं ज्या कोटिंगबद्दल सांगितलं होतं, त्याच चाकावर बोट फिरवलं तर बोट काळं झालं. मी बाटली काढून फवारा मारला. पुन्हा जांभळं! नवीकोरी डिस्क चार दिवसांत गळायला लागली? तिथेच उभं राहून मी फाटकाच्या गंजलेल्या कडीवर एक फवारा मारला. कडीवरूनही तसाच जांभळा ओघळ आला.

दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी आधी बाटलीचा वास घेतला. "अरे, हे लोखंड काढायचं औषध आहे. बायका केस कुरळे करायला लावतात ना, त्या जातीचं रसायन. लोखंडाचा कण दिसला की जांभळं होतं, तेच त्याचं काम. तुझी डिस्क बिडाची. ब्रेक मारला की बिडाचे आणि पॅडचे गरम कण उडतात, रिमला चिकटतात, गंजतात. ते तांबूस ठिपके तेच. ज्या गाडीला डिस्क ब्रेक आहे तिच्या चाकावर हे मारलं तर जांभळं होणारच. शोरूममधून आणलेली गाडी महिनाभर चालव आणि मारून बघ."

म्हणजे औषध खोटं नव्हतं. उलट चांगलं होतं, ठिपके गेले होते खरे. फक्त त्या रंगाचा अर्थ मला खोटा सांगितला.

मग काकांनी जुन्या डिस्कची कड तारेच्या ब्रशने घासली. तिथे कोरलेली अक्षरं दिसली: किमान जाडी २३ मिलिमीटर. मायक्रोमीटर लावला तर एक २४.६, दुसरी २४.४. दोन्ही अजून कितीतरी चालल्या असत्या. पोत्यात जुने पॅडही निघाले, त्यांवर सात मिलिमीटर मसाला शिल्लक. काका म्हणाले, तीनपर्यंत आला की बदलतात. गाडीला बसवलेल्या नव्या डिस्कवर मात्र ना कंपनीचं नाव, ना आकडा.

"आणि डावंच चाक जास्त काळं का होतं, हे कुणी बघितलं का?" काकांनी जॅक लावला. उजवं चाक हाताने फिरलं. डावं अर्ध्या फेरीत अडलं. पॅड डिस्कवर दाबणारा जो कॅलिपर असतो, त्याच्या पिनेचं रबर फाटलं होतं, आत पाणी जाऊन पिन गंजली होती, त्यामुळे ब्रेक सोडला तरी एक पॅड डिस्कला घासतच राहायचा. पिन साफ करून ग्रीस लावलं, रबर बदललं. ३५० रुपये. डिस्क बदलायची तर कॅलिपर काढावाच लागतो. म्हणजे ती गंजकी पिन त्या लोकांच्या हातात आली होती आणि त्यांनी ती तशीच परत बसवली. याचा राग माझ्या मनातून जात नाही. घाटात ते चाक तापून ब्रेक लागेनासा झाला असता तर?

तेव्हा कुणी चाकावर रंग काढून दाखवला तर घाबरू नका, मोजून दाखव म्हणा. डिस्कवरचा आकडा आणि मायक्रोमीटरचा आकडा, दोन्ही स्वतः बघा. जुने सुटे भाग परत मागायचेच. भुकटी दोन्ही चाकांवर सारखी असेल तर ती रोजचीच, गार चाकावर शाम्पूच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने जाते. एकाच चाकावर जास्त असेल तर धुणाऱ्याकडे न जाता मिस्त्रीकडे जा. काही जण स्वस्तात ॲसिड मारतात, त्याने ॲलॉयची चाकं कायमची पांढुरकी होतात. आणि मागचे ड्रम उघडले की कॉम्प्रेसरने भुकटी उडवू देऊ नका. ड्रममधल्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घासपट्टीत, ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक, ओल्या फडक्यानेच पुसायला सांगा.

मी डिस्क घेऊन परत गेलो होतो. मालकाने कोटिंगचे २,५०० परत केले, बाकी "सेफ्टी का मामला है" म्हणून हात वर केले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे पहिला प्रश्न पक्क्या बिलाचाच आला. माझ्याकडे तो कागद, फोनवरून पैसे दिल्याची नोंद आणि काकांनी मापं घेतानाचे फोटो आहेत. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. हेल्पलाइनवरून काही झालं नाही तर तिकडे जाणार आहे.

आता ड्रायव्हर घाट उतरला की गाडी कडेला घेतो, दोन्ही चाकांजवळ, हात न लावता, तळहात धरून बघतो आणि मला फोन करतो. काल दुपारी म्हणाला, "भिया, दोनों बराबर गरम हैं."