‘मेन बोर्ड गेलाय’ : घरच्या कॉफी मशीनच्या बनावट सर्व्हिसने घेतलेले २१,८३० रुपये

५९० रुपये भेटीचे. ११,८०० ‘मेन बोर्ड’चे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीचे. २,३६० डिस्केलिंगचे, म्हणजे आत साठलेले पाण्याचे क्षार काढण्याचे. ७,०८० वर्षभराच्या सर्व्हिस कराराचे. एकूण २१,८३०. यातला बोर्ड बदललाच नाही, डिस्केलिंग झालंच नाही, करार कुठल्या अस्तित्वात नसलेल्या दुकानाशी झाला कोण जाणे. वर मशीनमधलं चांगलं ब्रू युनिट (दळलेली कॉफी दाबून तिच्यातून पाणी सोडणारा भाग) काढून नेलं आणि झिजलेलं बसवून दिलं. ते पुन्हा मूळ बनावटीचं घ्यायला ६,२५० गेले, ते वेगळेच.

मशीन कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही. हाच माणूस उद्या दुसऱ्या कंपनीच्या नावाचा टी-शर्ट घालून कोणाकडे तरी जाणार आहे. ज्यांच्या घरी बटण दाबलं की बिया दळून थेट कपात एस्प्रेसो देणारं ऑटोमॅटिक मशीन आहे आणि ज्याची वॉरंटी संपली आहे, अशा प्रत्येकाने हे वाचावं.

बिघाड असा होता. ग्राइंडर व्यवस्थित चाले, दिवे लागत, पंपाचा घरघराट येई, पण कपात चार-पाच थेंब आणि बाकीचं पाणी आतून ड्रिप ट्रेमध्ये. चोथ्याच्या डब्यात कोरडी, घट्ट टिकली पडायची त्याऐवजी ओला लगदा. पुस्तिकेत छापलेला फोन लागत नव्हता. म्हणून नेटवर कंपनीचं नाव आणि ‘सर्व्हिस सेंटर पुणे’ असं टाकून शोधलं. पहिलाच क्रमांक, नकाशावर जागा, दुकानाचा फोटो, भरपूर चांदण्या. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. ‘अशा क्रमांकांवर विश्वास ठेवायचाच नसतो’ असं मला आता पन्नास जणांनी ऐकवलं. पण माणूस घरी आला, गळ्यात ओळखपत्र होतं, हातात हत्यारांची पेटी होती, छापील बिल होतं. लिंक पाठवली नाही, ओटीपी मागितला नाही. फोनवरची फसवणूक ओळखायला शिकवतात. दारात उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल कोणी काही शिकवत नाही.

आता तो क्षण. तो मला अजूनही झोपू देत नाही.

त्याने माझ्यासमोर वाफेच्या नळीतून गरम पाणी काढलं. सणसणीत धार आली. आणि त्याच तोंडाने तो म्हणाला, “मॅडम, मेन बोर्ड गेलाय, पंपाला करंट पूर्ण जात नाही.” टाकीतून पाणी ओढणारा पंप एकच असतो आणि किती पाणी गेलं ते मोजणारा फ्लोमीटरही एकच. नळीला भरपूर पाणी मिळतंय आणि कॉफीला मिळत नाही, तर अडथळा त्या दोघांच्या पुढे, म्हणजे ब्रू युनिटमध्ये किंवा दळण्यात. बोर्ड मेला असता तर ग्राइंडर फिरला नसता, ब्रू युनिट चालू करताना वर-खाली झालं नसतं. हे सगळं मला माहीत होतं. तरीही गप्प राहिले, कारण त्याच्या बोलण्यात अर्धं खरं होतं: व्हायब्रेशन पंप मोकळ्या नळीतून जोरात पाणी फेकतो, पण दाबलेल्या कॉफीतून ढकलताना त्याचा प्रवाह पुष्कळ कमी होतो. खोक्यावर लिहिलेले १५ बार (बार हे दाबाचं माप) ही पंपाची कमाल ताकद. कॉफीवर साधारण ९ बारच्या आसपास दाब हवा असतो. तेव्हा ‘मोकळं पाणी येतंय पण दाब येत नाही’ हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. ठगाला एवढं माहीत असतं हे मला ठाऊक नव्हतं.

पण अडथळा कुठे आहे ते तपासायला दोन मिनिटं पुरतात आणि बोर्डला हात लावावा लागत नाही. मशीन ‘तयार पावडर’ पर्यायावर ठेवा, पावडर टाकू नका, आणि एक कप काढा. बहुतेक मशीनमध्ये मग नुसतं गरम पाणी ब्रू युनिटमधून कपात येतं. सहज आलं, तर ब्रू युनिटची वाट मोकळी आहे आणि हीटर, बोर्ड ठीक. बहुधा दळणं फार बारीक आहे किंवा कॉफी जास्त पडतेय. ग्राइंडर चालू असतानाच दळण जाड-बारीक करायची चकती एक खूण जाडकडे फिरवा (बंद असताना फिरवली तर पात्यांमध्ये दाणे अडकून ती अडते), आणि दोन-तीन कप काढून मग निकाल बघा, कारण आधीचं दळण आत उरलेलं असतं. कॉफीशिवायही पाणी आलं नाही, तर बहुधा ब्रू युनिटची जाळी तेलाने आणि बारीक भुकटीने बंद झाली आहे. गडद भाजलेल्या, तेलकट चमकणाऱ्या बियांनी हे लवकर होतं. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पावडर पावडरच्या खाचेतून घातली तर त्याहून लवकर, कारण चिकोरी पाणी पिऊन चिकट होते. माणूस तुमच्यासमोर ही चाचणी करत नसेल, तर त्याला भेटीचे पैसे देऊन तिथेच थांबवा.

मी थांबवलं नाही. ११,८०० रुपये आगाऊ दिले. यूपीआयवर पिन टाकण्याआधी नाव आलं ते एका व्यक्तीचं, दुकानाचं नाही. विचारलं, तर “मालकाचं खातं आहे” म्हणाला. जाताना “सर्व्हिस करून आणतो” म्हणून ब्रू युनिट सोबत घेऊन गेला. ते मी द्यायलाच नको होतं. डिलाँगी, फिलिप्स यांच्या मशीनमध्ये ब्रू युनिट बाजूच्या दारातून दोन बोटांनी निघतं. ते घरच्या नळाखाली, साध्या पाण्याने धुवायचं असतं, साबण नाही, डिशवॉशर नाही, आणि पूर्ण वाळवून परत बसवायचं. अधूनमधून ओ-रिंगला (रबरी कडीला) आणि सरकत्या खाचांना खाद्यवापरासाठीचं सिलिकॉन ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं. या कामाला वर्कशॉप लागत नाही. (युरा कंपनीच्या मशीनमध्ये ब्रू युनिट बाहेर काढताच येत नाही, तिथे सफाईच्या गोळ्यांवरच भिस्त. तिथे ‘काढून नेतो’ म्हणणाऱ्याला मशीनच उघडावं लागेल.)

चार दिवसांनी तो आला. मागचं आवरण उघडलं, मला बादली आणायला पाठवलं, आणि मी परत येईपर्यंत ‘बोर्ड बसला’ होता. हातात एक जळका बोर्ड दिला: “हा तुमचा जुना.” नंतर दुसऱ्या, ओळखीच्या मेकॅनिकने मशीन उघडलं तेव्हा आतल्या बोर्डवर दोन वर्षांची तपकिरी कॉफीची धूळ जशीच्या तशी बसलेली होती आणि त्याच्या स्टिकरवरचं वर्ष मशीनच्याच वर्षाशी जुळत होतं. जळक्या बोर्डवरचे जोड तर आमच्या मशीनच्या वायरींना बसतच नव्हते. ज्याने बोर्ड बदलल्याचं सांगितलं त्याच्याकडून नव्या बोर्डचं खोकं मागा, उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर फोटो काढा, बादली आणायला जाऊ नका.

मग डिस्केलिंग. नऊ मिनिटांत उरकलं. या कामाला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो: आम्लाचं पाणी थोडं थोडं करून नळीतून आणि मशीनमधून जातं, मधे मधे थांबून आत मुरतं, मग स्वच्छ पाण्याची पूर्ण टाकी फिरते. त्याने दाखवलं काय, तर डिस्केलिंगचा केशरी दिवा विझलेला. आणि तेवढ्यावर २,३६० घेतले. तो दिवा क्षार मोजत नाही हो! आत असा कुठलाही सेन्सर नसतो. फ्लोमीटरने मोजलेलं पाणी आणि तुम्ही सेट केलेला पाण्याचा कठीणपणा यांचा तो नुसता हिशेब आहे. टाकीत साधं पाणी भरून डिस्केलिंगचं चक्र चालवलं तरी दिवा विझतो. पहिली टाकी फिरत असताना बाहेर येणाऱ्या पाण्याचा थेंब लिटमस कागदावर घ्या. ते आम्ल नसेल तर पैसे देऊ नका. आणि कोणी व्हिनेगर ओतायला निघाला तर त्यालाही थांबवा, वास महिनाभर जात नाही आणि रबराच्या भागांना ते मानवत नाही.

कॉफी मात्र आली. छान जाड साय असलेली. त्या आनंदात ७,०८० चा करारही केला. अकरा दिवसांनी मशीनखाली पाणी साचायला लागलं. ब्रू युनिट काढून पाहिलं तर प्लॅस्टिक पिवळट, ओ-रिंग सपाट झालेल्या, आणि त्यावर पिवळं ग्रीस चोपडलेलं. हे पेट्रोलियमचं ग्रीस, त्याने रबर फुगतं आणि मग फाटतं. शिवाय ते खाण्याच्या वस्तूला लावायचं नसतं. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या भागांवर आतल्या बाजूला घड्याळासारखी छोटी गोल तबकडी उमटलेली असते, त्यावर वर्ष, आणि महिना दाखवणारा बाण. आमचं मशीन २०२२ चं. या युनिटच्या तबकडीवर वर्ष २०१७ होतं. युनिट बदललं म्हणून कॉफी आली, याचाच अर्थ बोर्ड कधी बिघडलाच नव्हता. आमच्या युनिटची जाळी बंद झाली होती, बस्स. ती घरी साफ झाली असती. आपल्या ब्रू युनिटचा त्या तबकडीसकट फोटो आजच काढून ठेवा, आणि आतल्या कोपऱ्यात कायम मार्करने एक खूण करा.

त्याचा फोन बंद. नकाशावरच्या पत्त्यावर गेले, तिथे फरशीचं दुकान. त्यांनाही लोक येऊन विचारतात म्हणे.

आणि मग सुरू झाली दारोदारची फरफट. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. “पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना, काम पण केलंय ना, मग हा सर्व्हिसचा वाद, १९१५ ला करा.” १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर, सांगितलं की समोरच्या दुकानाचा खरा पत्ता द्या. खरा पत्ता असता तर मी कशाला फोन केला असता? बँकेने रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं: ते ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे, तुम्ही पिन टाकलात, विषय संपला. ज्या खात्यात पैसे गेले ते कोणाचं हे बँकांना समजतं, मला सांगता येत नाही. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी “साहेब बंदोबस्ताला”, दुसऱ्या दिवशी “हे सिव्हिल आहे”, तिसऱ्या दिवशी “सायबरला जा”. सायबरवाले म्हणतात माणूस प्रत्यक्ष घरी आला, मग हे सायबर कसं? खोटं सांगून पैसे आणि वस्तू काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे, ३१८(४) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मी एका गृहिणीने ठाणे अंमलदाराला वाचून दाखवायचं? अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारायलाही पाऊण तास घातला. तो शिक्का सोडू नका, त्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार वरिष्ठांना टपालाने लेखी पाठवता येतं, ते मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं आहे. उत्तर नाही.

खऱ्या कंपनीनेही हात वर केले. बाहेरच्या माणसाने मशीन उघडलंय, आता तपासणीचेच १,१८० होतील. त्यांच्या नावाचं खोटं केंद्र नकाशावर राजरोस आहे, ते काढायला लावा म्हटलं, तर “आम्ही कळवतो”.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पण नोटीस पाठवायला विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पुन्हा तेच.

बिलावरचा जीएसटी क्रमांक मी घरी आल्यावर मोजला. चौदा अक्षरं. असतात पंधरा. सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता कोणताही क्रमांक टाकून नाव-पत्ता बघता येतो, माणूस दारात उभा असतानाच बघता येतो. सेवा केंद्राचा क्रमांक शोधयंत्रातून घेऊ नका, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, आणि येणाऱ्याचं नाव त्या क्रमांकावर परत विचारून घ्या. त्यांचा फोन लागत नसेल तर मशीन आठवडाभर बंद राहू द्या.

काल नकाशावर पुन्हा पाहिलं. ते केंद्र आता दुसऱ्या कंपनीच्या नावाने आहे. पत्ता वेगळा, फोन वेगळा. दुकानाचा फोटो तोच.