इसबगोलाचा भुसा : तीन महिने रोज वापरल्यानंतर

रक्तातील लोह वाढवण्यासाठी गोळ्या सुरू केल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात माझे पोट बिघडले. आठवड्यातून जेमतेम दोनदा शौचास होई, तेही बराच वेळ कुंथल्यावर. मळाचे कोरडे खडे पडत आणि उठल्यावरही पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नसे. लोहाच्या गोळ्यांनी असे होणे नेहमीचे आहे, गोळ्या बंद करू नका, सोबत इसबगोलाचा भुसा घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर आणलेला साखर किंवा स्वाद न घातलेल्या साध्या भुशाचा डबा मी तीन महिने रोज वापरला. आतला माल उत्तम आहे, पण डब्यावरचा मजकूर घेणाऱ्याला चुकीच्या वाटेने नेतो, आणि हे परीक्षण मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

प्लांटॅगो ओव्हाटा या वनस्पतीच्या बियांवरचे पातळ आवरण म्हणजे हा भुसा. त्याचे काम समजून घ्यायचे असेल तर एक चमचा भुसा छोट्या पेल्यातल्या थोड्या पाण्यात ढवळून दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवून पाहावा. सुरुवातीला पाण्यावर तरंगणारे फिकट कण हळूहळू फुगतात, पाणी दाट होते आणि शेवटी पेला तिरका केला तरी आतला गिळगिळीत गोळा सहजासहजी हलत नाही. मोठ्या आतड्याचे एक मुख्य काम मळातील पाणी शोषून घेणे हे आहे, त्यामुळे मळ तेथे जितका जास्त काळ रेंगाळतो तितका तो कोरडा आणि कठीण होत जातो. इतर अनेक विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे, अन्नातील तंतू (फायबर) आतड्यातील जिवाणू वाटेतच फस्त करतात, इसबगोलाचा भुसा मात्र बराचसा टिकतो आणि धरलेले पाणी शेवटपर्यंत सोडत नाही. मळ त्यामुळे मऊ राहतो, त्याचे आकारमान वाढते, आणि आतड्याची भिंत ताणली गेल्याने मळ पुढे ढकलणाऱ्या हालचालींनाही चालना मिळते.

म्हणजेच हा आतड्याला चाबूक मारणारा रेचक नाही. परिणाम दिसायला साधारणतः 12 ते 72 तास लागतात. असे असताना डब्याच्या दर्शनी बाजूवर मोठ्या अक्षरांत ‘रातोरात पोट साफ’ छापले आहे, आणि भरपूर पाण्यासोबत घेण्याची सूचना मागे, अगदी तळाशी, डोळे ताणून वाचावी लागेल अशा अक्षरांत आहे. मी पुढचे वाचले आणि मागचे वाचले नाही. पहिल्या रात्री दोन चमचे भुसा अर्ध्या कप पाण्यात कालवून घेतला आणि लगेच आडवी झाले. सकाळी पोट नगाऱ्यासारखे तट्ट फुगले होते, दोन दिवस वायू धरला आणि शौचास झालेच नाही. याहूनही वाईट घडू शकले असते, कारण अपुऱ्या पाण्यासोबत घेतलेला भुसा घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. प्रत्येक वेळी निदान 240 मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर पाणी हवे, ढवळल्याबरोबर ते पिऊन टाकायला हवे आणि त्यानंतर लगेच झोपू नये. ही सूचना झाकणावर असायला हवी होती. या डब्यातला सर्वांत गंभीर दोष मी हाच मानते.

त्यानंतर मी अर्ध्या चमच्यापासून नव्याने सुरुवात केली आणि दर आठवड्याला अर्धा चमचा वाढवत दोन चमच्यांवर थांबले. पोट फुगणे जवळजवळ बंद झाले. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल मापनपट्टीनुसार मी रोज वहीत आकडा लिहीत असे. या पट्टीत मळाचे स्वरूप 1 ते 7 अशा प्रकारांत मांडले आहे, त्यांपैकी 1 आणि 2 म्हणजे बद्धकोष्ठ, तर 3 आणि 4 म्हणजे उत्तम. सुरुवातीच्या पानांवर सगळे 1 आणि 2 आहेत, चौथ्या आठवड्यात 3 दिसू लागतात आणि सातव्यानंतर बहुतेक दिवशी 4 आहे.

या सुधारणेचे सगळे श्रेय भुशाला देणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याच्या हालचाली वाढतात, आणि सकाळी हा परिणाम विशेष जाणवतो, म्हणून न्याहारीनंतर अर्ध्या तासात शौचास बसण्याचा मी नेम केला आणि कामाच्या गडबडीत कळ दाबून ठेवण्याची जुनी सवय सोडली. कमोडवर बसताना पायांखाली छोटे स्टूलही घेऊ लागले. गुडघे कमरेच्या वर आले की गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल पडतो, मार्ग सरळ होतो आणि जोर लावावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट डब्यावर कुठेच नाही. भुसा इतर औषधांच्या शोषणात अडथळा आणू शकतो, म्हणून औषधे आणि भुसा यांच्यात निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. ज्या गोळ्यांमुळे मी तो घेत होते, त्यांनाच तो निकामी करत राहिला असता तर सगळा खटाटोप फुकट गेला असता.

बाकी डब्याबद्दल फारशी तक्रार नाही. झाकण घट्ट बसते, मापाचा चमचा आत मिळतो. भुसा ओतताना बारीक धूळ उडते आणि काहींना तिची ॲलर्जी होते, तेवढे जपावे.

गिळायला त्रास होणाऱ्यांनी किंवा आतडे अरुंद झाले असल्याचे निदान झालेल्यांनी हा डबा घेऊ नये. अफूवर्गीय वेदनाशामकांमुळे झालेल्या बद्धकोष्ठावर तो सहसा पुरा पडत नाही, आणि जोर लावताना गुदद्वाराचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जात असतील तर त्यावरचे उपचार वेगळे आहेत. शौचातून रक्त जात असेल, कारण नसताना वजन घटत असेल, उतारवयात शौचाची सवय अचानक बदलली असेल, किंवा पोट फुगून उलट्या होत असतील, तर भुसा घेत वाट पाहू नये, डॉक्टरांना गाठावे. उलट, दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा यांमधले काहीही, त्रास होत नसेल तर, सामान्यच समजले जाते. रोज होत नाही एवढ्याच काळजीपोटी तो घेण्याची गरज नाही.

माझ्या लोहाच्या गोळ्या गेल्या आठवड्यात संपल्या. भुसा एका चमच्यावर आणला आहे आणि वहीतला आकडा अजून 4 आहे. डबा संपला की मी हाच पुन्हा घेणार आहे, कारण आता आईनेही तो सुरू केला आहे. तिला बारीक अक्षरे दिसत नाहीत, म्हणून झाकणावर मी कागद चिकटवून ठेवला आहे: एक चमचा भुसा, पूर्ण पेला पाणी, बसून.