गनपावडर शोधायला गेले आणि गुनिल्डाबाई भेटल्या: एटिमऑनलाइनबद्दल

इंग्लिश शब्द कुठून आले ते सांगणारी एटिमऑनलाइन ही साइट मी बरेच दिवस वापरतेय, पण ती किती भारी आहे ते गनपावडर ह्या एका शब्दाने दाखवलं. नोंद उघडली तर पहिल्यांदा निराशाच होते, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा शब्द, गन अधिक पावडर, झालं. पण तिथे थांबू नका, त्यातल्या गनवर क्लिक करा.

गन हा शब्द बहुतेक चक्क गुनिल्डा ह्या बाईच्या नावावरून आलाय! १३३० सालच्या विंडसर किल्ल्यातल्या शस्त्रांच्या यादीत एका भल्यामोठ्या बॅलिस्टाला ‘डोमिना गुनिल्डा’ (गुनिल्डाबाई) म्हटलंय, म्हणजे आपल्याकडे तोफांना नावं असतात ना तसंच. नाव मूळचं जुन्या नॉर्समधलं, गुन्नर म्हणजे युद्ध आणि हिल्डर म्हणजेही युद्ध. आणि बॅलिस्टा म्हणजे तर अजस्त्र धनुष्यच की, त्याला बंदुकीची दारू लागतच नाही, म्हणजे गनपावडरमधली गन ही बहुतेक ह्या दारूशी काही संबंध नसलेल्या यंत्राच्या नावावरून आलेली, हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बघत बसले. मला सगळ्यात आवडलं ते हे की जिथे खात्री नाही तिथे ते सरळ ‘बहुतेक’ असं लिहितात, उगाच ठोकून देत नाहीत.

पावडर लॅटिनमधल्या धूळ ह्या अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आली, त्यात फार मजा नाही.

फक्त एक लक्षात घ्या, साइट इंग्लिश शब्दांची आहे, त्यामुळे दारूगोळ्यातली दारू तिथे शोधू नका. ती दुसरीकडे शोधावी लागली आणि खरा खजिना तिथेच होता. फारसीत दारू म्हणजे औषध, आपण दवादारू म्हणतो त्यात तो अर्थ अजून जिवंत आहे. आणि जिथे हे मिश्रण पहिल्यांदा बनलं त्या चीनमध्ये त्याला म्हणतात हुओयाओ, आगीचं औषध! अमर होण्याचं औषध शोधणाऱ्या तिथल्या किमयागारांच्या हाती सोरा, गंधक आणि कोळसा ह्यांचं हे मिश्रण लागलं, आणि १०४४ च्या ‘वुजिंग झोंगयाओ’ ह्या युद्धग्रंथात त्याच्या कृती लिहिलेल्या आहेत.

शब्दांचं वेड असेल तर साइट नक्की वापरा, फक्त नोंद वाचून बाहेर पडू नका, आतल्या प्रत्येक शब्दावर क्लिक करत जा.